ईश्वरमामांची व्हायवा

सात रस्ता चौकापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या त्या कॉलेजात फिजिक्सचं प्रॅक्टिकल असलं, की मुलं सरांच्या आधी ईश्वरमामांना शोधायची. सोडियमचा दिवा पेटत नाही, दुर्बिणीतून काहीच दिसत नाही, मघाशी दिसत असलेल्या पट्ट्या हरवल्या, कुठलीही तक्रार असो. मामा हातातलं फडकं खांद्यावर टाकून उठायचे, एक डोळा मिटून दुसरा भिंगाला लावायचे, दोन बोटांनी कुठला तरी स्क्रू केसभर फिरवायचे आणि म्हणायचे, "बघ आता. दिसतंय का?" दिसायचंच.

ईश्वर बनसोडे प्रयोगशाळेचे परिचर. वय अठ्ठावन्न, नोकरी छत्तीस वर्षांची. बुधवार पेठेतून आधी सायकलवर यायचे, मग लुनावर, आता मुलानं टाकून दिलेल्या स्कूटीवर. या काळात चार विभागप्रमुख होऊन गेले. नव्यानं लागलेले प्राध्यापक पहिले सहा महिने उपकरणं मामांकडूनच शिकायचे आणि सातव्या महिन्यापासून त्यांना "मामा, चहा सांगा" म्हणायला लागायचे. मामांना त्याचं काही वाटत नसे.

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नव्हती. प्रयोगशाळेत कुणी मुलांना प्रकाश लाट आहे की कण हे समजावून सांगायला लागलं, की मामा तिथून निघून जायचे. बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या असायच्या, नाहीतर खालून खडू आणायचे असायचे. तास संपला की परत यायचे.

याच खोलीत १९८९ साली ते स्वतः बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. वडील गिरणीत मागावर. घराण्यात सायन्सला गेलेला ईश्वर पहिलाच. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत त्याला बायप्रिझमचा प्रयोग आला. एका दिव्याच्या उजेडाचे दोन भाग करून ते पुन्हा एकमेकांवर पाडायचे आणि उजेड-काळोखाच्या ज्या पट्ट्या उमटतात त्या मोजायच्या. हात पहिल्यापासून चांगला. त्याचं उत्तर पुस्तकातल्या आकड्याला जवळजवळ चिकटलं. तो खुशीत व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरगावच्या परीक्षकांसमोर जाऊन उभा राहिला.

"पट्ट्या कशामुळे पडल्या?" परीक्षकांनी विचारलं.

"प्रकाशाच्या लाटा एकमेकींत मिसळल्या म्हणून, सर."

"प्रकाश कणांचाही असतो ना? मग समजा, दोन फटी आहेत. उजेड इतका मंद केला की एका वेळी एकच कण सुटेल. तरी हळूहळू पट्ट्या पडतातच. तो एकटा कण कुठल्या फटीतून गेला?"

ईश्वरनं विचार केला. खरोखरच केला, कारण प्रश्न त्याला आवडला होता. मग म्हणाला, "एकच असंल तर एकाच फटीतून जायला पायजे, सर. पण मग दुसरी फट झाकली की पट्ट्या का जात्यात? त्याला कसं कळतं दुसरी झाकलीय म्हणून?"

"मी तुला विचारतोय की तू मला?"

"मला माहीत न्हाय, सर. तुमी सांगा की."

मागं रांगेत उभी असलेली पोरं फिसकन हसली. परीक्षकांना ते उद्धटपणाचं वाटलं असावं. त्यांनी वही मिटली. "तीन वर्षं काय केलंस इथं?" एवढंच बोलले आणि पुढच्याला हाक मारली. पुढचा होता गुरुशांत, अक्कलकोटकडचा, ईश्वरच्याच बाकावर बसणारा.

चार मार्कांनी ईश्वर प्रॅक्टिकलला नापास झाला. ऑक्टोबरात पुन्हा बसायचं ठरलं होतं, पण पावसाळ्यात वडील गेले. कॉलेजात परिचराची जागा निघाली होती. जुन्या सरांनी शब्द टाकला. ऑक्टोबरात परीक्षा आली तेव्हा ईश्वर इतरांसाठी टेबलं मांडत होता. गुरुशांत एम.एस्सी. करून आला, याच कॉलेजात लागला आणि पुढं विभागप्रमुख झाला.

नापास झाल्याचं दुःख दोन-तीन वर्षांत निवळलं. पण या प्रश्नाला काहीतरी उत्तर आहे, ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि आपल्याच डोक्यात ते शिरत नाही, ही गोष्ट मामांच्या मनातून कधी गेली नाही. सुरुवातीला ते तास कान देऊन ऐकायचे. एक सर म्हणायचे, कण दोन्ही फटींतून जातो. दुसरे म्हणायचे, जाताना लाट असते, पडताना कण होतो. तिसरे म्हणायचे, असं विचारायचंच नसतं. मामांना वाटायचं, तिघं एकच गोष्ट सांगत असणार, आपल्याला तेवढी ती जोडता येत नाही. नव्या पेठेतून त्यांनी एकदा पुस्तकही आणलं. त्यात 'प्रकाशाचे स्वरूप दुहेरी आहे' असं ठळक अक्षरांत छापलेलं होतं आणि पुढं लगेच गणितं. ते पुस्तक कपाटावर गेलं. मामा तासाला थांबेनासे झाले.

गेल्या वर्षी क्वांटम विज्ञानाची शंभरी म्हणून जिकडंतिकडं कार्यक्रम चालले होते. कॉलेजनंही विज्ञान दिनाला प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि डिसेंबरात एक नवं उपकरण आलं. मीटरभर लांबीची काळी पेटी. एका टोकाला बारका बल्ब, त्यावर हिरवी काच, मध्ये केसाएवढ्या दोन फटी, दुसऱ्या टोकाला एकेक फोटॉन टिपणारी नळी. फोटॉन म्हणजे प्रकाशाचा तो कण. तो नळीत पडला की स्पीकरमधून 'टक्' असा आवाज यायचा. बल्ब इतका मंद ठेवायचा, की पेटीत एका वेळी जेमतेम एकच फोटॉन असावा.

गुरुशांत सरांनी पुस्तिका वाचली. चार वर्षांपूर्वी लागलेल्या वैजयंती मॅडमनी संगणक जोडला. जुळवाजुळव मामांची. तीन दिवस पडदे ओढून ते पेटीशी झटत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळं जागेवर बसलं. मामांनी नळी एका जागी ठेवली आणि एक फट झाकली. सेकंदाला नव्वदच्या आसपास ठोके पडत होते. मग त्यांनी झाकण सरकवून दुसरीही फट उघडली. आता आवाज वाढायला हवा होता. तो जवळजवळ बंदच झाला. टक्... टक्. दहा, बारा.

त्यांनी फट झाकली. नव्वद. उघडली. दहा-बारा. नळी तसूभर बाजूला सरकवली, दोन्ही फटी उघड्याच ठेवल्या, तर एकदम साडेतीनशे.

"दुसरी वाट उघडली तर येणारे कमी झाले," मामा स्वतःशीच मोठ्यानं बोलले. खोलीत कुणी नव्हतं. त्यांनी तो खेळ आठ-दहा वेळा केला, मग पेटीवर कापड घातलं आणि खडू आणायला खाली गेले.

भांडण जानेवारीत सुरू झालं, तेही भिंतीवर लावायच्या फलकावरून.

"'मोजला जाईपर्यंत फोटॉनला ठरावीक वाट नसते,' असं छापायचं," गुरुशांत सर म्हणाले.

"सर, ते एक मत आहे," वैजयंती मॅडम म्हणाल्या. "मत म्हणून छापा."

"मत कसलं? पुस्तकात आहे."

"पुस्तकात एकच मत घेतलंय म्हणून. कणाला वाट असते, तो एकाच फटीतून जातो, लाट मात्र दोन्हींतून जाते आणि कणाला आपल्याबरोबर नेते, असं मांडणारेही आहेत. त्यांचं गणितही चुकत नाही."

"मग ती लाट दाखवा मला. स्पीकरमध्ये टक् वाजतं ते कणाचं. लाट कुठं वाजली?"

"आणि वाट नसते, हे तुम्ही कुठं मोजलंत?"

मामा कपाट पुसत होते. या वेळी मात्र त्यांचा पाय निघाला नाही. त्यांना वाटलं, आता दोघांपैकी कुणीतरी हरेल आणि इतक्या वर्षांनी का होईना, खरं उत्तर आपल्या कानावर पडेल. ते पुसलेलंच कपाट पुन्हा पुसायला लागले. पण कुणी हरलं नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमनी जाडजूड पुस्तक आणलं, सरांनी त्याच्याहून जाड. आठ दिवस हेच चाललं. शेवटी दोघांचे चहाचे कप वेगवेगळ्या खोल्यांत न्यावे लागू लागले.

नवव्या दिवशी मामांनी मॅडमचा कप ठेवला आणि तिथंच उभे राहिले.

"मॅडम, एक विचारू का? रागावू नका. खरं उत्तर काय हाय?"

"कशाचं, मामा?"

"तो कुटल्या फटीतून जातो त्याचं. तुमचं बरोबर का सरांचं?"

वैजयंती मॅडम हसल्या, पण चेष्टेनं नाही. "खरं सांगू? कुणालाच माहीत नाही. शंभर वर्षं झाली, वाद मिटलेला नाही. सरांकडचे लोक जास्त आहेत, माझ्याकडचे थोडे. तिसरे तर म्हणतात, दोन्ही गोष्टी घडतात, जगाच्याच दोन शाखा होतात, आपण त्यातल्या एकीत असतो."

"ही पण शिकलेलीच माणसं म्हणत्यात?"

"खूप शिकलेली."

"मग ही पेटी कुणाच्या बाजूनं बोलती?"

"कुणाच्याच नाही. नव्वद, दहा, साडेतीनशे. तिघांच्या गणितातून हेच आकडे येतात. म्हणून तर भांडण मिटत नाही ना."

मामांनी जवळचं स्टूल ओढलं आणि ते बसले. छत्तीस वर्षांत प्राध्यापकांसमोर ते असे कधी बसले नव्हते. "म्हणजे व्हायवात कुणी हे विचारलं," ते सावकाश म्हणाले, "आणि पोरगं म्हणालं, मला माहीत न्हाय, पण दुसरी फट झाकली की पट्ट्या का जात्यात, ते तुमीच सांगा..."

"तर मी म्हणेन, प्रामाणिक आहे. आणि एक फट झाकल्यावर पट्ट्या का जातात, असं त्यानं वर मलाच विचारलं, तर म्हणेन, याला अडचण नेमकी कुठं आहे ते कळलंय." मॅडमनी त्यांच्याकडं नीट बघितलं. "मामा, बरं वाटत नाहीये का?"

"बरं हाय," मामा म्हणाले आणि बाहेर गेले.

व्हरांड्याच्या टोकाला नळ होता. तिथं त्यांनी तोंडावर पाणी मारलं. आधी राग आला. इतका, की नळाची तोटी त्यांनी गच्च आवळून धरली होती. कुणालाच ठाऊक नसलेल्या गोष्टीसाठी आपण हसं करून घेतलं आणि जन्मभर मान खाली घातली! तो परीक्षक समोर असता तर काय बोललो असतो कुणास ठाऊक. मग तोटी सोडली. खाली पार्किंगमध्ये मुलं गाड्या काढत होती, फाटकापाशी एक रिक्षावाला भाड्यावरून कुणाशी तरी हुज्जत घालत होता. मामा कठड्याला टेकून ते बघत राहिले. काही वेळानं त्यांच्या ध्यानात आलं, की आपण मोकळा श्वास घेतोय. आपलं डोकं मंद नव्हतं. एवढंच वाक्य त्यांनी मनात दोन-तीनदा म्हणून बघितलं. ते दर वेळी खरं वाटत होतं.

दुपारी जेवायला ते घरी गेले. त्यांची बायको मनकर्णा अंगणवाडीतून नुकतीच आली होती. तिनं ताट वाढलं आणि त्यांच्या तोंडाकडं बघून विचारलं, "तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. लई बरी हाय." त्यांनी तिला सगळं सांगितलं. नापास झाल्याचं तिला माहीत होतं, पण प्रश्न काय होता हे त्यांनी लग्नाला तेहतीस वर्षं होऊनही सांगितलं नव्हतं. भाकरी तव्यावर तशीच ठेवून तिनं ऐकून घेतलं.

"मग त्या माणसानं तुमाला नापास का केलं?"

"त्यालाबी माहीत नसंल."

"आन् तुमी तोंडावर विचारलं त्याला! 'तुमी सांगा की' म्हणून!" मनकर्णा जी हसायला लागली ती थांबेचना. मामांनाही हसू आलं. तव्यावरची भाकरी करपली आणि दोघांनी ती तशीच चटणीबरोबर खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गुरुशांत सरांच्या खोलीत गेले. सर एकटेच होते. फलकाचा कच्चा कागद समोर पडलेला.

"सर, एक जुनी गोष्ट विचारायची होती. आपल्या व्हायवाच्या दिवशी माझ्यानंतर तुमचा नंबर होता. तुमालाबी फटीचाच प्रश्न विचारला का?"

सरांनी चष्मा काढला. ते काच पुसायला लागले.

"विचारला," ते म्हणाले. "तू बाजूला झालास तेव्हा तुझं तोंड बघितलं होतं मी. तेव्हाच ठरवलं, काही झालं तरी माहीत नाही म्हणायचं नाही. 'दोन्हींतून जातो, सर,' असं ठणकावून सांगितलं. त्यांनी पुढं काही विचारलंच नाही. पूर्ण मार्क दिले."

"तवा कळलं होतं तुमाला?"

"कुठलं कळतंय, ईश्वर! नोट्समधलं वाक्य होतं ते. पुढं शिकवायला लागलो तेव्हा 'असं विचारायचं नसतं' हे मत मला बरं पडलं. त्यानं मुलांचे प्रश्न थांबतात." त्यांनी चष्मा लावला, पण मामांकडं न बघता खिडकीकडं बघून बोलले, "तू रोज समोर होतास. कधीतरी सांगायला पाहिजे होतं. मला वाटायचं, तू ते विसरला असशील. आणि विसरला नसशील, याची भीतीही वाटायची."

"आता सांगितलं की," मामा म्हणाले. त्यांना सरांचा राग आला नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं. उलट छत्तीस वर्षं हा माणूसही काहीतरी घेऊन फिरत होता, हे कळल्यावर त्यांना तो पुन्हा बाकावरचा गुरुशांत वाटायला लागला. "चहा आणू का?"

"दोन कप आण. तुझाही. आणि मॅडमना बोलाव."

तीन कप आले. फलकावर तिन्ही मतं सारख्याच अक्षरांत छापायचं ठरलं आणि वर ओळ घातली, 'यावर अजून एकमत झालेलं नाही.' टेबलापाशी उभं राहून लोकांशी बोलायचं कुणी, हा प्रश्न निघाला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मामा बोलतील."

"तोच बोलेल," सर म्हणाले. "आपण दोघं उभे राहिलो तर लोकांसमोरच जुंपेल."

मामांनी नको नको म्हणून बघितलं. पण मनातून ते तयार होते, आणि ते दोघांनाही दिसलं.

विज्ञान दिनाला सकाळी दहालाच गर्दी झाली. शाळांच्या रांगा, मुलांचे आईबाप, शेजारपाजारचे लोक. आणि नेमकी पेटी बिघडली. बल्ब बंद असतानासुद्धा स्पीकर पाऊस पडल्यासारखा तडतडत होता. आकडा दोन हजारांवर. प्राचार्य पाहुण्यांना घेऊन जिन्यापर्यंत आलेले. वैजयंती मॅडम संगणक बंद करून चालू करायला लागल्या, गुरुशांत सरांनी पुस्तिका काढली. मामांनी दोघांना बाजूला केलं, दिवे घालवायला सांगितले आणि पेटीच्या कडेनं बोट फिरवत गेले. मधल्या कडीपाशी बोट थांबलं. कडी अर्धीच बसली होती, झाकणाच्या कडेनं बाहेरचा उजेड आत शिरत होता. त्यांनी झाकण उचलून पुन्हा बसवलं, कडी दाबली, वरून काळं कापड टाकलं. तडतड थांबली. एखाद-दुसरा ठोका तेवढा पडत राहिला. मॅडम मटकन खुर्चीत बसल्या.

मग मामांनी बोलायला सुरुवात केली. पहिल्या गटापुढं आवाज कापला. दुसऱ्यापासून नीट लागला. "आता एक फट झाकलेली हाय. ऐका. आता दुसरीबी उघडतो. वाढंल का कमी हुईल? सांगा." सगळे म्हणायचे, वाढेल. आवाज थांबायचा आणि खोलीत चुळबुळ सुरू व्हायची. ती चुळबुळ मामांना फार आवडली.

दुपारी एक विद्यार्थिनी आपल्या आजीला घेऊन आली. रत्नम्मा त्यांचं नाव. शहराच्या पूर्व भागात जन्मभर विड्या वळलेल्या, मराठी तेलुगू वळणाची. त्यांनी दोनदा ऐकलं आणि मामांना विचारलं, "ते एकटंच जातंय म्हणता. मग कुठल्या फटीतनं गेलं?"

गुरुशांत सर दारात उभे होते. त्यांनी मान वर केली.

"मला माहीत न्हाय, आजी," मामा म्हणाले. शब्द सरळ बाहेर आले, अडले नाहीत. "कुणालाच माहीत न्हाय. भिंतीवर तीन मतं लिवलीत. तिघं तीन सांगत्यात. पण आवाज थांबतो, हे तिघांनाबी मान्य हाय."

रत्नम्मांनी फलकाकडं पाहिलंच नाही. "पुन्हा लावा," त्या म्हणाल्या. "ऐकू द्या."

मामांनी पुन्हा लावलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. आवाज थांबला तेव्हा त्यांनी समाधानानं मान हलवली आणि नातीला म्हणाल्या, "खरं करून दाखवतो हा माणूस." मागची मुलं पुढं सरकली. मामांनी झाकण सरकवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. संध्याकाळपर्यंत घसा बसला.

त्या दिवशी टेंभुर्णीच्या एका शाळेचे मुख्याध्यापक आले होते. हे आमच्या मुलांना दाखवा, म्हणून ते मागंच लागले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जायचं ठरलं. मुख्याध्यापकांनी पाठवलेल्या पत्रावर 'व्याख्याते: श्री. ईश्वर बनसोडे' असं होतं. मनकर्णानं ते पत्र अंगणवाडीतल्या बायांना दाखवायला नेलं आणि चार दिवस परत आणलं नाही.

सरांच्या गाडीतून सकाळी सातला निघाले. पुढच्या सीटवर सर आणि मॅडम, मागं मामा, शेजारी पट्ट्यानं बांधलेली पेटी. शहराबाहेरच्या पुलाच्या पुढं हायवे लागला आणि पुढचे दोघं सुरू झाले.

"जगाच्या शाखा होतात म्हणे," सर म्हणत होते. "मग त्या मोजायच्या कुणी?"

"सर, ते माझं मत नाहीच. माझं मत तुम्ही अजून नीट ऐकूनच घेतलेलं नाही."

"मग सांगा. टेंभुर्णीपर्यंत वेळ आहे."

काच खाली होती, वारा गार होता. दोन्हीकडं काढणी झालेली ज्वारीची रानं मागं पडत होती. मामा थोडा वेळ दोघांचं बोलणं ऐकत होते. कुणाचं बरोबर, हे ठरवायची त्यांना घाई नव्हती. त्यांनी एक हात पेटीवर ठेवला आणि डोकं मागं टेकलं. वाटेतलं मोहोळ गाव यायच्या आत त्यांना झोप लागली होती.